गैरहजर अध्यक्ष

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या ब्रानेक गावात माणसं मीटिंगला येतात ती हौसेनं नाही, भीतीनं. तिथली रीतच तशी. जो आला नाही, त्याच्या गळ्यात काम बांधायचं आणि टाळ्या वाजवून घरी जायचं. त्यामुळं ताप असो, पाव्हणे असोत, माणूस येऊन मागच्या बाकावर बूड टेकणार आणि शेवटचं "संपलं" ऐकल्याशिवाय उठणार नाही.

व्हर्लिन झोबेक ही रीत अंगावर वळ उठवून शिकला होता. एकदा गाय अडली म्हणून तो आगीच्या बंबवाल्यांच्या मीटिंगला गेला नाही, सकाळी बघतो तर खजिनदार. एकदा दाढ काढायला गेला, तर दफनभूमीचं गवत कापायचं काम नावावर. चर्चच्या छपराची कमिटी तर त्याला मोरीत गेला असताना मिळाली. बाहेर येऊन हात पुसतोय तोवर लोक म्हणाले, "अभिनंदन."

आता दुभत्या गाया विकल्या होत्या. कंबरेचा खुबा कुरकुरत होता. सकाळ-संध्याकाळ शाळेची पिवळी बस चालवायची आणि मधल्या वेळात खुर्चीत डुलक्या काढायच्या, एवढीच त्याची इच्छा होती. पण खुर्चीत बसलं की फोन वाजायचा. गावात सगळ्या कामांना तीच पाच-सहा माणसं. छप्पर गळालं तरी तीच, जत्रेचा मंडप ठोकायचा तरी तीच. सगळ्यांची तोंडं मार्चमधल्या बर्फासारखी झाली होती, काळी, चिखलाची, एकदाचं वितळून जावं म्हणून वाट बघत बसलेली.

अशात एका सोमवारी दुपारी बस लावून तो शाळेच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं मशीन बघायला गेला, आणि तिथं जॉस्लिन बाई भेटल्या.

जॉस्लिन पेट्स्का म्हणजे शेतकीच्या बाई. शाळेत शेतकी शिकवायच्या आणि निळ्या जाकिटातल्या पोरांचं शेतकी मंडळही चालवायच्या. हे मंडळ म्हणजे साधं काम नाही. गुरं पारखायच्या स्पर्धा, माती ओळखायच्या स्पर्धा, भाषणं, जत्रेतली डुकरं. सगळं शनिवारी, आणि सगळं शंभर मैल लांब. पहाटे व्हॅन काढायची आणि अंधार पडल्यावर पोरं घरोघर सोडायची. बाईंचं स्वतःचं लेकरू वर्षाचं झालं होतं आणि ते आजीला आई म्हणायला लागलं होतं.

बाई उलट्या बादलीवर बसल्या होत्या. हातात कॉफी, आणि ती गार झालेली.

"काय झालं पोरी?" व्हर्लिननं विचारलं.

"काही नाही. बसलेय."

"बसलेली माणसं मला कळतात. मी बसण्यातला जाणकार आहे."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "व्हर्लिन, तुम्हालाच सांगते, कुणाला बोलू नका. पुढच्या वर्षाच्या करारावर सही करायची मुदत महिनाअखेर आहे. मी करणार नाही."

व्हर्लिननं मशीनचं झाकण हळूच खाली ठेवलं. बाई गेल्या की दुसरी बाई येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेतकीचे मास्तर आजकाल नेब्रास्कात मिळत नव्हते. शेजारच्या शाळेनं दोन वर्षं जाहिरात दिली, शेवटी वर्कशॉपला कुलूप लावून तिथं व्यायामाच्या चटया टाकल्या. इथंही तेच होणार. पोरं पुन्हा वेल्डिंगची ठिणगी बघणार नाहीत, निळी जाकिटं कपाटात जातील. व्हर्लिनचं स्वतःचं जाकीट अजून कपाटात होतं. पोटावर त्याचं बटण लागून तीस वर्षं झाली असतील, पण ते टाकून द्यायचा विचार कधी मनाला शिवला नव्हता.

"पगाराचं काही आहे का?"

"पगार नको मला. माणसं हवीत. व्हॅन चालवायला कुणीतरी, डुकरं न्यायला कुणीतरी. एक शनिवार मला झोपू द्या, एवढंच. इतर गावांत मंडळातली जुनी पोरं एकत्र येतात, मोठ्या माणसांचं मंडळ करतात, मास्तरांच्या पाठीशी उभी राहतात. इथं जुनी पोरं काय थोडी आहेत? सगळा तालुका जाकीट घालून मोठा झालाय."

"मग करू की आपण."

तोंडातून शब्द गेला आणि व्हर्लिनला वाटलं, जीभ वेल्डिंग करून ठेवायला पाहिजे होती.

मीटिंग त्याच वर्कशॉपमध्ये भरली. आली कोण? तीच पाच-सहा माणसं. बंबवाली, छपरावाली, दफनभूमीवाली. ऑर्डेल क्रिझ आला, धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर बसणारा, गावातला थट्टेखोर. मार्व्हेला आली. गावचं आठवड्याचं वर्तमानपत्र ती एकटी काढायची, कुठं कोण जेवायला गेलं इथपासून सगळं छापायची. सगळ्यांनी खसखशीचे गोड पाव घेतले आणि खुर्च्यांत अशी बसली, जशी दवाखान्यात नंबर यायची वाट बघतात.

बाईंनी दोन शब्द सांगितले. जायचं बोलल्या नाहीत, फक्त मदत हवी म्हणाल्या. मग पोराला ताप आहे म्हणून निघून गेल्या. त्यांची व्हॅन गेल्याचा आवाज आला.

"तर मग," व्हर्लिन म्हणाला, "अध्यक्ष कोण?"

सगळे पाव बघायला लागले.

"ऑर्डेल?"

"मला पाठीचा त्रास आहे."

"अध्यक्षाला पाठ लागत नाही."

"मग तू हो की लेका."

"मी बस चालवतो, बंब सांभाळतो, गवत कापतो. रविवारी चर्चचं छप्पर. आता मला मरायला तरी सुट्टी द्याल का?"

"मेलास तर दफनभूमीचं गवत कोण कापणार?" ऑर्डेल म्हणाला. हसू आलं, पण दमलेलं. चढाला लागलेल्या ट्रकसारखं धापा टाकत आलं आणि थांबलं.

मार्व्हेला म्हणाली, "रीत आहे ना आपली. कोण आलं नाही ते बघा."

सगळ्यांनी मान वर करून इकडंतिकडं बघितलं. अडचण अशी, की रीत ठाऊक असल्यामुळं निवडण्यासारखी सगळी माणसं हजर होती. जे आले नव्हते ते एक तर अंथरुणाला खिळलेले किंवा दफनभूमीत, व्हर्लिनच्या गवताखाली.

मग ऑर्डेलनं मांडीवर थाप मारली. "लीलंड रॅगी!"

क्षणभर कुणाला कळेना. मग सगळे असे हसले, की पावाची खसखस उडाली.

लीलंड रॅगी हॅडलीचा. हॅडली म्हणजे सात मैलांवरचं गाव. एकेकाळी तिथं शाळा होती, शेतकी मंडळ होतं, आणि ब्रानेकशी हाडवैर होतं. मग पोरं कमी झाली, दोन्ही शाळा एक करायचं ठरलं, मतं पडली आणि हॅडलीची शाळा बंद झाली. पोरं ब्रानेकला यायला लागली. पोरांची पोरांशी गट्टी जमली, मोठ्यांची नाही जमली. हॅडलीची मोठी माणसं त्या दिवसापासून ब्रानेकमध्ये किराणासुद्धा घेत नाहीत, उलट्या दिशेला तीस मैल जातात. आणि सगळ्यांत कडवा हा लीलंड. शाळेला टाळं लागायच्या दिवशी त्यानं हॅडलीच्या मंडळाचं लाकडी घुबड काखोटीला मारलं आणि घरी नेलं. मंडळाच्या सभेत गुरुजींच्या शेजारी घुबड लागतं, शहाणपणाचं म्हणून. ब्रानेकचं घुबड कधीच फुटलेलं. तेव्हापासून पोरं धान्याच्या कोठीवर चिमण्या भिववायला ठेवतात तसलं प्लास्टिकचं घुबड टेबलावर ठेवून सभा भरवतात.

व्हर्लिनला तर लीलंड रोज दिसायचा. बस हॅडलीतून जाते. लीलंड सकाळी टपालाच्या डब्यापाशी उभा असायचा. तिकडं रस्त्यावर कुणीही समोरून आलं की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, तोच रामराम, ओळख असो नसो. व्हर्लिन रोज बोट उचलायचा. लीलंडचे दोन्ही हात खिशात.

"माझा प्रस्ताव, लीलंड रॅगी अध्यक्ष," ऑर्डेल म्हणाला. "हजर नाही, म्हणजे लायक आहे."

"अनुमोदन," कुणीतरी म्हणालं.

व्हर्लिननं थांबवायला हवं होतं. त्याला ते कळतही होतं. पण खुबा ठणकत होता, पहाटे बस काढायची होती, आणि आपलं नाव कुणी घेत नाही याचंच त्याला इतकं बरं वाटलं, की त्यानंही हात वर केला. अध्यक्षाचं मागाहून बघू म्हणाले, दिवे मालवले आणि घरी गेले.

गुरुवारी सकाळी त्याची बायको लाव्हॉन वर्तमानपत्र उघडून बसली. जरा वेळानं तिनं चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं.

"व्हर्लिन, तुम्ही लोक शुद्धीवर होतात का त्या दिवशी?"

मार्व्हेलानं छापलं होतं. तिसऱ्या पानावर, चर्चच्या जेवणाच्या बातमीखाली. शेतकी मंडळाच्या जुन्या पोरांचं नवं मंडळ स्थापन झालं, अध्यक्ष म्हणून हॅडलीचे श्री. लीलंड रॅगी यांची एकमतानं निवड.

त्यानं मार्व्हेलाला फोन लावला. "अगं, ते थट्टेत होतं!"

"मतदान झालं ना?"

"झालं."

"हात वर गेले ना? तुझाही गेला."

"गेला."

"मग झालं तर. मी झालेलं छापते बाबा. थट्टा छापायला वेगळं पान नाही माझ्याकडं."

व्हर्लिननं फोन ठेवला. आता हॅडलीत काय पेटलं असेल, ते त्याला दिसत होतं. त्यांची शाळा घेतली, पोरं घेतली, आता त्यांच्या म्हाताऱ्याची पेपरात टिंगल. हॅडलीचा एक माणूस आता मदतीला येणार नाही, आणि ब्रानेकच्या पाच-सहा मढ्यांत बाईंची व्हॅन ओढायचा जीव नाही. मुदत तर आठवड्यावर आलेली. बाई जाणार आणि त्याला कारण आपण, असं मनाशी धरून तो दुपारी पिकअपमध्ये बसला. बसायचा कंटाळा, उतरायचा कंटाळा, माफी मागायचा तर सगळ्यांत जास्त कंटाळा.

लीलंड शेडमध्ये पेरणी यंत्राखाली पाठीवर पडला होता. नुसते बूट दिसत होते.

"लीलंड."

बूट हलले नाहीत. "कोण आहे?"

"झोबेक."

"बसवाला?"

"हो."

"पोरं आज उशिरा सोडलीस. आठ मिनिटं."

"रस्त्यात चिखल होता." व्हर्लिननं टोपी काढली. बुटांसमोर टोपी काढून उभं राहायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. "ते पेपरातलं वाचलंस का?"

"वाचलं."

"ते चुकलं आमचं. आम्ही दमलो होतो, कुणालाच काम नको होतं. आमच्याकडं रीत आहे, येत नाही त्याला निवडायचं. तुझं नाव हसण्यावारी घेतलं. हात मीही वर केला. माफी मागायला आलोय."

यंत्राखाली बराच वेळ पाना फिरत राहिला. मग लीलंड सरपटत बाहेर आला. उंच, वाळकुडा, भुवयांवर ग्रीस. त्यानं हात पुसले, पुन्हा पुसले.

"कशाला हवं होतं ते मंडळ?"

बाईंनी कुणाला बोलू नका म्हटलं होतं. व्हर्लिननं एकदा दाराकडं बघितलं आणि सांगून टाकलं. सही, मुदत, शनिवार, आजीला आई म्हणणारं लेकरू, सगळं. सांगताना त्यालाच कळलं, की हे आपण आपल्या गावातसुद्धा कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित कुणी हसलं नसतं.

"माझी नात आहे तिच्या वर्गात," लीलंड म्हणाला. "माती ओळखायच्या स्पर्धेत."

"ठाऊक आहे. माझ्याच बसमध्ये असते. खिडकीजवळ बसते."

"वीस वर्षांत मला कुणी कशाला बोलावलं नाही."

"तू आला नसतास."

"नसतो आलो. पण बोलावलं नाही." त्यानं फडकं बाकावर टाकलं. "एकमतानं, असं छापलंय."

"हो."

"एक पण मत विरुद्ध नाही."

"नाही."

"मग मी राजीनामा देत नाही."

व्हर्लिनला वाटलं कान वाजले.

"अध्यक्ष मीटिंग कुठं घ्यायची ते ठरवतो," लीलंड म्हणाला. "मंगळवारी, संध्याकाळी सहाला. हॅडलीच्या चर्चचं तळघर. तुमच्या सगळ्या दात काढणाऱ्यांना सांग. आणि पाव आणू नका. जेवण आम्ही देऊ."

ब्रानेकमध्ये ही बातमी सांगणं माफी मागण्यापेक्षा अवघड गेलं. ऑर्डेल तर वजनकाट्यावरून उठलाच. "हॅडलीला? जेवायला? विष घालतील रे."

"घातलं तर तुझी पाठ दुखायची थांबेल."

"मी नाही येत."

"ऑर्डेल, विचार कर. न येणाऱ्याचं काय होतं तुला ठाऊक आहे."

"ती आपली रीत. त्यांना काय कळतंय?"

मंगळवारी वारा असा सुटला होता, की पिकअपचं दार धरून उतरावं लागत होतं. व्हर्लिन तळघराच्या पायऱ्या एकेक करून उतरला आणि दारातच थबकला. खाली चाळीसेक माणसं असतील. हॅडली हे गावच मुळात मुठीएवढं, म्हणजे चालणारं-बोलणारं सगळं गाव आलं होतं. कशाला आलं होतं तेही दिसत होतं. ब्रानेकची माणसं हॅडलीत खाली मान घालून वाढपाच्या रांगेत उभी राहणार, हे बघायला. कित्येकांनी जुनी निळी जाकिटं बाहेर काढली होती. बटणं लागत नव्हती, बाह्या कोपराशी अडकत होत्या, पण पाठीवर पिवळ्या धाग्यात हॅडलीचं नाव होतं आणि तेवढ्यासाठी दोन तास श्वास रोखून बसायची त्यांची तयारी होती.

ब्रानेकची पाच माणसं खिमा-राजम्याचं कालवण आणि दालचिनीचा गोड पाव घेऊन कोपऱ्यात बसली. कालवण चांगलं होतं. त्याचाही राग आला.

पुढच्या टेबलावर लाकडी घुबड होतं. एक डोळा झिजलेला. ब्रानेकच्या सगळ्यांनी ते बघितलं.

जॉस्लिन बाई आल्या त्या शाळेतून तशाच. बुटांना डुकराच्या खुराड्यातली घाण, केस कसेतरी बांधलेले. लीलंडनं त्यांना घुबडाशेजारची खुर्ची दाखवली. गादीची खुर्ची होती, पाळकसाहेबांची असावी. बाईंच्या हातात ताट दिलं. त्यांनी दोन घास खाल्ले.

लीलंडनं टेबलावर पान्यानंच ठोकलं.

"मला निवडलंय," तो म्हणाला. "कसं निवडलंय ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल ब्रानेकच्या लोकांना मी नंतर बोलेन, आता कालवण खाऊ द्या त्यांना." हॅडलीवाले हसले. "कामाचं बोलू. बाईंना शनिवारी—"

तो थांबला. सगळ्यांनी तो बघत होता तिकडं बघितलं.

बाई झोपल्या होत्या. ताट मांडीवर, चमचा हातात, मान घुबडाच्या बाजूला कललेली. तोंड थोडं उघडं. झोप अशी लागली होती, की शेजारी नांगर आपटला असता तरी मोडली नसती.

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. जाकिटातल्या एका म्हातारीनं पुढं होऊन बाईंच्या मांडीवरचं ताट उचललं. चमचा मात्र बोटांत तसाच राहू दिला.

"हळू बोला," लीलंड म्हणाला. त्याचा आवाज असा खाली आला, की मागच्यांना पुढं सरकावं लागलं.

तेवढ्यात वाऱ्यानं वरचं दार धाडकन आपटलं. बाई दचकल्या, पण उठल्या नाहीत. लीलंडनं व्हर्लिनकडं बघून बोट केलं. "झोबेक. दार धर."

व्हर्लिन पायऱ्या चढून वर गेला आणि दाराला खांदा देऊन उभा राहिला. वारा पलीकडून ढुशा देत होता. जरा वेळानं खालून कुणीतरी एक घडीची खुर्ची वर सरकवली. तो दाराला पाठ लावून बसला. तिथून खालचं सगळं दिसत होतं.

त्यानं आयुष्यात पुष्कळ मीटिंगा बघितल्या होत्या, पण अशी नाही. चाळीस शेतकरी, ज्यांना उभ्या जन्मात हळू बोलणं जमलं नाही, ते कुजबुजत शनिवार वाटून घेत होते. गुरांच्या स्पर्धेला व्हॅन कोण नेणार. एक बोट वर. डुकरांचा ट्रेलर कुणाचा. बोट वर. जवळ बसलेले हॅडलीवाले आणि ब्रानेकवाले एकमेकांच्या कानात बोलायला लागले, कारण दुसरा इलाजच नव्हता. मार्व्हेला एका हॅडलीवाल्याला दटावत होती, "श्श! केवढ्यानं पाव चावतोस!" ही सगळी माणसं वीस वर्षं घरी बसली होती. कुणी छप्पर सांगितलं नाही, कुणी मंडप सांगितला नाही. त्यांचे खुबे शाबूत होते. व्हर्लिनला हेवा वाटला, आणि हेव्याच्या मागोमाग झोप यायला लागली.

शेवटी लीलंड कुजबुजला, "जत्रेत पहाटे डुकरांची खुराडी धुवायला एक माणूस लागतो. पूर्ण तीन दिवस. कोण?"

एकही बोट वर गेलं नाही.

"ब्रानेकची एक रीत आहे म्हणतात," लीलंड म्हणाला. "कोण आलं नाही?"

ब्रानेकच्या कोपऱ्यात माना वळल्या. मग मार्व्हेलानं, अगदी हळू, म्हटलं, "ऑर्डेल क्रिझ."

"एकमतानं?"

सगळे हात वर गेले. चाळीस माणसं तोंडावर हात दाबून हसली. खांदे हलत होते, आवाज नाही. व्हर्लिननं वरून हात वर केला तो दारावरचा खांदा ढळू न देता.

बाई उठल्या तेव्हा माणसं टेबलं पुसत होती. त्यांनी आधी चमच्याकडं बघितलं, मग खोलीकडं. चेहरा लालबुंद झाला.

"मीटिंग... माफ करा. काय ठरलं?"

"ठरलं," लीलंड म्हणाला. "मेअखेरपर्यंत महिन्यातले दोन शनिवार तुम्ही घरी झोपायचं. जास्त जमलं नाही. पेरणी आहे."

बाईंनी चमचा टेबलावर ठेवला. कोट घालून पायऱ्या चढून आल्या, तेव्हा व्हर्लिननं खुर्ची बाजूला घेतली.

"तुम्ही सांगितलंत त्यांना," त्या म्हणाल्या. "सहीचं."

"सांगितलं. शिव्या द्यायच्या असतील तर उद्या द्या, आज दमलोय."

बाईंनी डोळे चोळले. "एक वर्ष करते, व्हर्लिन. एकच. पुढचं मला विचारू नका."

"मी माझं उद्याचंसुद्धा कुणाला विचारू देत नाही."

त्या गेल्या. मागून लीलंड वर आला, घुबड काखेत.

"पोरांना देणार नाहीस का ते?" व्हर्लिननं विचारलं.

"नाही."

"प्लास्टिकचं ठेवतात बिचारी."

"मग सभा इथं भरवा म्हणावं," लीलंड म्हणाला आणि वाऱ्यात टोपी दाबत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस हॅडलीत शिरली. लीलंड टपालाच्या डब्यापाशी उभा होता. व्हर्लिननं सवयीनं स्टिअरिंगवरचं बोट उचललं. लीलंडनं बोट उचललं नाही. सबंध हात वर केला आणि रस्त्याच्या मधे येऊन बस थांबवली. व्हर्लिननं खिडकी खाली केली.

"शनिवारी माती ओळखायच्या स्पर्धेला व्हॅन तू नेणार," लीलंड म्हणाला. "पहाटे पाचला."

"मी? माझं नाव कुणी घेतलं? मी होतो की तिथं!"

"दाराच्या बाहेर होतास."

"दारातच होतो! दार धरून!"

"आम्ही खाली होतो, तू वर. आम्ही त्याला गैरहजर धरलं." लीलंडनं बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, गुराच्या ढुंगणावर मारतात तशी. "चल, पोरांना उशीर होतोय."

व्हर्लिननं गिअर टाकला. खिडकीजवळ बसणारी लीलंडची नात आरशातून त्याच्याकडं बघत होती.

"काय गं?" तो म्हणाला.

"शनिवारी तुम्ही नेणार आम्हाला?"

"तसंच दिसतंय."

"बाई नाहीत येणार?"

"बाई झोपणार आहेत," व्हर्लिन म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच एवढी मोठी जांभई आली, की पुढचं वळण त्यानं पाणावल्या डोळ्यांनीच घेतलं.